दाराबाहेरचं रोम

दिग्रसमध्ये मारोती नावाची माणसं ढिगानं सापडतील. एक जिनिंगात गाठी बांधतो, एक बसस्टँडवर संत्री विकतो, दोघे तर एकाच गल्लीत समोरासमोर राहतात. पण 'रोमवाला मारोती' म्हटलं की लहान पोरही मारोती मुनेश्वरच्या घराकडे बोट दाखवतं. या गृहस्थानं रोम पाहिलेलं नाही. नागपूरच्या पुढे त्याची गाडी कधी गेली नाही, आणि नागपूरलाही तो दीक्षाभूमीच्या गर्दीत जातो आणि त्याच गर्दीत परत येतो. तरी डायोक्लेशन बादशहानं राज्याचे चार वाटे कसे केले हे तो चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगू लागला, की टपरीवाल्याचं दूध उतू जातं.

तेहतीस वर्षं तो दिग्रसच्या एका कॉलेजात शिपाई होता. शिपाई म्हणजे कॉलेजातला असा माणूस, ज्याच्यावाचून एक दिवस निघत नाही आणि ज्याचं मत कोणी एकदाही विचारत नाही. खडू त्यानं आणायचे, माठ त्यानं भरायचे, सूचनांची वही वर्गावर्गात त्यानं फिरवायची आणि दर तासाला घंटाही त्यानंच द्यायची. घंटा म्हणजे फाटकाजवळच्या कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पण ती द्यायची एक रीत होती. प्राचार्यांचा कोणाच्याही मनगटावरच्या घड्याळावर विश्वास नव्हता. तास संपायला आठ मिनिटं उरली की शिपायानं त्यांच्या खोलीत जायचं, भिंतीवरचं घड्याळ बघायचं, वहीत सही करायची, साहेबांनी मान हलवली की मैदान ओलांडून कडुनिंब गाठायचा आणि तिथं हातोडा घेऊन उभं राहायचं. एवढा थाट तर बादशहाच्या दरबारातही नसेल. पण नोकरी होती, आणि मारोतीनं ती रीत इमानानं पाळली.

याच कॉलेजात बबनराव गावंडे नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते. मूळचे उमरखेडचे, घरी कापूस आणि तूर, तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ते रोमचा शेवटचा काळ शिकवत. तास सुरू झाल्यावर पहिली दहाएक मिनिटं मारोतीची खडू-पाण्यात जात. मग तो रोमचा कापडी नकाशा काखेत मारून वर्गात जाई, खिळ्याला टांगी आणि बाहेर येऊन दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभा राही. शेवटची आठ मिनिटं घंटेची. मधला अर्धा तास मात्र त्याचा स्वतःचा होता.

"आयका बे पोट्टेहो," सर सुरू करत, "हा डायोक्लेशन. तेचा बाप म्हनतात गुलामीतून सुटलेला. पोरगा फौजेत गेला अन् बादशहा होऊन बसला. राज्य एवढं मोठं का एकट्याले पुरं पडेना. मंग तेनं चार धनी केले अन् जिल्हे तोडून लहान लहान केले. जितके तुकडे तितके साहेब, अन् जितके साहेब तितके शिपाई!" वर्ग हसे. दाराबाहेर मारोतीही तोंडावर हात ठेवून हसे.

त्याच डायोक्लेशननं बाजारातल्या यच्चयावत वस्तूंचे भाव ठरवून दिले होते. अंडी, चपला, गाढवावरची ओझी, वकिलाची फी, काही म्हणून सोडलं नाही. जास्त भाव घेईल त्याला देहदंड. "अन् झालं काय?" सर विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगत, "माल बाजारातूनच गायब! आपल्याकडं सरकार म्हनते भाव याच्या खाली नोको जाऊ देऊ, तो म्हने याच्या वर नोको जाऊ देऊ. अन् व्यापारी दोन्हीकडं तोच." पुढे हा बादशहा स्वतःहून गादी सोडून गावी गेला आणि भाजीपाला लावत बसला. परत या म्हणून लोक बोलवायला आले तेव्हा म्हणाला, मी लावलेली कोबी तुम्ही पाहिली असती तर असं बोलला नसतात. मारोतीला ही गोष्ट इतकी आवडली की निवृत्त झाल्यावर त्यानं परसात कोबी लावली. ती अळ्यांनी खाल्ली. इंदूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्यावर महिनाभर त्याची फिरकी घेतली.

पण ज्या तासानं मारोतीला धरून ठेवलं तो बादशहांचा नव्हता. तो बांधून टाकलेल्या माणसांचा होता. फौजेला खायला हवं, खजिन्याला सारा हवा, म्हणून रोमच्या बादशहांनी कायदे केले की ज्यानं त्यानं बापाचंच काम करायचं. भटारखान्यातल्याच्या पोरानं भटारखान्यातच राबायचं, आणि त्याची पोरगी जो करेल त्या जावयानंही. फौजेतल्या शिपायाच्या पोरानं फौजेतच जायचं. ते टाळायला पोरं स्वतःचा अंगठा तोडून घेत, तर एका बादशहानं हुकूम काढला, दोन थोटे मिळून एक धडधाकट धरा पण फौजेत घ्या. आणि शेत कसणारी कुळं? ती म्हणायला मोकळी, पण ज्या जमिनीवर जन्मली तिची गुलाम. जमीन विकली की तिच्याबरोबर तीही विकली जायची. पळून गेलं कूळ आणि सापडलं, तर बेड्या.

हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मारोतीला आपला बाप आठवला. त्याच्या बापानं, सुखदेवनं, गावकी केली होती. गावकी म्हणजे गावाची सांगकामं, पिढीजात, नाही म्हणायची सोय नसलेली. आज्यानं केली म्हणून बापानं, आणि बापानं केली म्हणून मारोतीनंही केली असती. छप्पन साली बाप नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला आणि त्यानं गावकी टाकली. मारोतीचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. सोळा-सतराशे वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे, कोणा गोऱ्या बादशहानं आपल्या बापाचीच गोष्ट कायद्यात लिहून ठेवली आहे, असं त्याला वाटलं. मग त्या कुळांचं शेवटी काय झालं? ती सुटली का? सर नेमकं तिथं येत आणि आठ मिनिटं उरत.

दर वर्षी तोच तास येई आणि दर वर्षी मारोती तिथूनच निघून जाई. शेवट त्या आठ मिनिटांत आहे, अशी त्याची खात्री होती. एवढं सगळं सांगणारा माणूस शेवट सांगितल्याशिवाय राहील कसा? एका वर्षी त्यानं दुसऱ्या शिपायाला, हरिसिंगला, गळ घातली की आजची घंटा तू दे. हरिसिंग भला माणूस, पण त्याला पुसदची गाडी गाठायची होती. त्यानं वीस मिनिटं आधीच हातोडा हाणला. अख्खं कॉलेज बाहेर, प्राचार्य व्हरांड्यात लालबुंद, आणि सर अजून भटारखान्यातच. दोघांना मेमो मिळाले. त्यानंतर मारोतीनं कोणावर घंटा सोपवली नाही.

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं की सरांना. रोज मधल्या सुटीत सरांचा खर्रा पानठेल्यावरून घोटून आणायचा तो मारोतीनंच. पुडी हातात देताना विचारलं असतं तर सरांनी काय खाऊन टाकलं असतं का? पण विचारलं की कळणार, हा दाराशी उभा राहून ऐकतो. आणि दाराशी उभं राहून ऐकणं हे शिपायाच्या कामात बसत नव्हतं. पुडी द्यायची, "सर" म्हणायचं आणि वळायचं. अशी वीस वर्षं गेली. मग अभ्यासक्रम बदलला आणि रोम गेलं. पुढे सर निवृत्त होऊन उमरखेडला गेले. मग मारोतीही निवृत्त झाला.

घरी बसल्यावर त्याला कशाची आठवण यावी? पगाराची नाही, खाकी कपड्यांची नाही, प्राचार्यांची तर मुळीच नाही. त्याला त्या अर्ध्या तासाची आठवण यायची. पाठीला लागणारी चुन्याची गार भिंत, आतून येणारा खडूचा आवाज, आणि सर 'मंग' म्हणून थांबायचे ती जागा. सकाळी अकरा वाजता, जेव्हा तो तास असायचा, तेव्हा जीव कासावीस व्हायचा. नात सलोनीनं एकदा मोबाइल पुढे केला, "आबा, यात सगळं भेटते." त्यानं बघितलंही. वाचनालयातलं एक जाड पुस्तकही आणून वाचलं. त्यात लढाया होत्या, बादशहा होते, कोणी कोणाचे डोळे काढले ते होतं. कुळांवर चार ओळी होत्या आणि त्यातही शेवट नव्हता. खरं सांगायचं तर असता तरी त्याचं समाधान झालं नसतं. त्याला तो सरांच्या तोंडून ऐकायचा होता.

यंदा वर्षावासात हे सगळं पुन्हा वर आलं. आषाढी ते आश्विनी पौर्णिमा, तीन महिने, वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं आणि वाचक मारोती असतो. वाचन झाल्यावर बाया म्हणतात, आता तुमचं रोम सांगा. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी त्यानं कुळांची गोष्ट सांगितली. जमिनीला बांधलेली माणसं, बेड्या, तोडलेले अंगठे, सगळं. पुढच्या रांगेत तानाबाई बसली होती. वय ऐंशीच्या घरात, दहा-बारा वर्षांची असताना छप्पन साली बापाबरोबर अर्धी वाट बैलगाडीत आणि अर्धी पायी नागपूरला जाऊन आलेली.

"मंग मारोती," तानाबाई म्हणाली, "सुटले का ते?"

मारोतीनं ग्रंथाला कापड गुंडाळायला घेतलं.

"मले माहीत नाही, मावशी," तो म्हणाला.

"अरे वा! बेड्या पडल्या ते माहीत, सुटले का ते माहीत नाही? असं अर्धं सांगून माणसाले घरी पाठवतात का?" सगळे हसले. तानाबाई हसली नाही. "पौर्णिमेच्या आधी विचारून ये कोनाले. मी लय दिवस नाही आता."

घरी येऊन त्यानं इंदूबाईला सांगितलं, उद्या उमरखेडला जातो.

"आता? वीस वर्सं विचारलं नाही ते आता जाऊन विचारता? काय, त्या कुळाईचा निरोप आला काय?"

"तानामावशीले सांगतलं म्या."

"तानामावशीचं नाव कायले सांगता? तुमाले जायचं हाये, जा," इंदूबाई म्हणाली, आणि भाकरी बांधून दिली.

दिग्रसहून पुसद, पुसदहून उमरखेड. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत होतं. मारोतीनं स्वच्छ पांढरा सदरा घातला होता आणि तो गाडीत मनातल्या मनात प्रश्न घोकत होता. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्याला पहिल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या पोरासारखी धडकी भरली होती. सर ओळखतील ना? ओळखतील. 'बस बे मारोती' म्हणतील आणि मग तोच आवाज सुरू होईल, 'आयका, कुळांचं झालं असं...' तेवढ्या एका वाक्यासाठी तो दोन गाड्या बदलून चालला होता.

दार सरांच्या पत्नीनं, कोकिळाबाईंनी उघडलं. क्षणभर बघत राहिल्या. "मारोतीभाऊ! या ना. किती वर्सानं!"

"बाई, सर हायेत?"

"हायेत." मग त्या पायरीवर जरा पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाले कोनी सांगतलं नसन. दोन वर्सं झाले. गळ्याचं ऑपरेशन झालं नागपूरले. आवाज गेला त्याईचा. कोनाले कळवू देत नाहीत."

मारोती उंबऱ्यावरच थांबला. एक चप्पल पायात, एक बाहेर.

सर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. ती भरदार देहयष्टी निम्म्यानं उतरली होती. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर परीक्षेला नेतात तसं पॅड, त्याला कागद लावलेले. मारोतीला बघून त्यांचा चेहरा उजळला. तोंड उघडलं, मिटलं आणि त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. मारोती खुर्चीच्या कडेवर टेकला. सरांसमोर तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. जे पोटात होतं तेच आधी बाहेर आलं.

"सर, खर्रा मीच आनून देत होतो."

सरांनी पेन उचललं. अक्षर पूर्वीचंच, फळ्यावरचं. 'खात मी होतो,' त्यांनी लिहिलं आणि पॅड त्याच्याकडे फिरवलं. खाली तीन आडव्या रेघा ओढल्या, विषय संपला म्हणून.

मग मारोतीनं सगळं सांगितलं. तानाबाई, विहार, कुळं, आणि हो-ना करता करता तेही, की मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. "पन शेवटी मले घंटेले जा लागे, सर. शेवट तेवढा राह्यला. तुमच्या तोंडून आयकावा म्हनून आलो होतो." आवाज असताना वीस वर्षं हा माणूस हाताच्या अंतरावर होता. रोज पुडी देताना बोटाला बोट लागायचं. काहून नाही विचारलं रे मारोती, काहून नाही विचारलं?

सरांनी लिहिलं, 'कुठपर्यंत ऐकलंस ते सांग.'

मारोतीनं सुरुवात केली. आधी चाचरत, खाली बघत. पण डायोक्लेशननं राज्याचे वाटे करायला घेतले तसा त्याचाही आवाज मोकळा झाला. अंड्यांचे भाव झाले, कोबी झाली. भटारखान्यातला जावई आला तेव्हा स्वयंपाकघरातून कोकिळाबाई तूरडाळ पाखडायचं सूप हातात घेऊनच बाहेर आल्या आणि भुईवर बसल्या. "अगं बाई, जावयालेही?" त्या म्हणाल्या. "त्यालेही, बाई," मारोती म्हणाला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण कधीच उठून उभे राहिलो आहोत. एक हात नकाशा दाखवावा तसा भिंतीवर फिरत होता. अंगठे तोडणाऱ्या पोरांचा हुकूम त्यानं कॉन्स्टंटाइन बादशहाच्या नावावर घातला, तेव्हा सरांनी पॅड वर धरलं: 'थिओडोसिअस.' मारोतीनं कान पकडला आणि पुढे चालू लागला. कुळं आली, जमीन आली, बेड्या आल्या. तिथं तो थांबला.

"इथून मी जात होतो, सर. आता पुढचं लिहा."

सरांचे खांदे हलू लागले. मारोती घाबरला, मग कळलं की ते हसत आहेत. हसण्याला आवाज नव्हता, डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं. त्यांनी लिहिलं: 'पुढे काही नव्हतं. शेवटची आठ मिनिटं मी हजेरी घेत होतो. आधी घेतली की पोट्टे मागच्या दारानं पसार व्हायचे.'

मारोतीनं ते दोनदा वाचलं. वीस वर्षं ज्या शेवटासाठी जीव टांगला होता, तिथं नुसती पोरांची नावं होती. त्याला हसू आलं, आणि हसता हसता छातीत काहीतरी रिकामं झालं. एखाद्या घरी आपलं कोणी राहतं असं समजून वर्षानुवर्षं त्या घराकडे बघत जावं, आणि एक दिवस कळावं की तिथं कधी कोणी राहतच नव्हतं. म्हणजे तानाबाईला काय सांगायचं? काहीच नाही?

पण सरांचं लिहिणं चालूच होतं. आता ते जपून लिहीत होते, प्रश्नपत्रिका काढावी तसे. 'कॉन्स्टंटाइननं कायदा केला, कूळ पळालं तर बेड्या. त्याच्या मागून आलेल्यानं तोच कायदा पुन्हा काढला. त्याच्या मागच्यानं पुन्हा. शंभर-सव्वाशे वर्षं काढतच राहिले. काहून?'

सर बघत होते. घाई नव्हती. मारोती खाली बसला आणि विचार करू लागला. त्याला बाप आठवला. गावकी टाकल्यावर पाटलाकडून पहिलं बोलावणं आलं, तेव्हा सुखदेव गेला नाही. आठ दिवसांनी दुसरं आलं. मग तिसरं, धमकी घेऊन. आई सांगायची, पावसाळा उलटेपर्यंत बोलावणी येतच होती.

"लोक आयकत नसतील," मारोती सावकाश म्हणाला. "एकदा सांगून भागलं असतं तर पुन्हा कायले सांगतलं असतं? पळून जाऊन राह्यले होते, सर. दर वेळी. म्हनून दर वेळी कायदा."

सरांनी 'काहून' या शब्दाखाली दोन जाड रेघा ओढल्या. मग खाली लिहिलं: 'सोडलं कोणत्याच बादशहानं नाही. सगळे सुटले असंही नाही, बरेच तिथंच राबून मेले. पण पळणारे थांबले नाहीत.'

तानाबाईसाठी उत्तर झालं होतं. चांगलं उत्तर होतं, तिला पटेल असं. पाचची गाडी धरायची तर निघायला हवं होतं. कोकिळाबाई चहा ठेवायला उठू लागल्या होत्या. मारोतीही उठला, पण त्याचा पाय निघेना. इतक्या वर्षांत न विचारलेली गोष्ट एक नव्हती, दोन होत्या, आणि दुसरी त्याला आत्ता, या खोलीत बसल्यावर कळली होती. आज नाही विचारली तर ती घरी घेऊन जावी लागली असती.

"सर, तुमाले माहीत होतं का, मी दाराशी उभा राहत होतो ते?"

सरांनी मान खाली घातली. मग ते लिहू लागले, एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. बराच वेळ लागला. शेवटी त्यांनी पॅड मारोतीकडे दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

"काय लिहिलं?" कोकिळाबाईंनी विचारलं. "माझा चष्मा आत हाये. वाचा ना मोठ्यानं."

मारोतीनं सरांकडे बघितलं. सरांनी न वळता मान हलवली, वाच.

"'पहिल्या वर्षापासून माहीत होतं,'" मारोती वाचू लागला. "'पटावर नावं ढीगभर, वर्गात दहा-बारा पोट्टे. त्यांच्यासाठी एवढं ओरडून शिकवायची गरज नव्हती. बाहेर ऐकू जावं म्हणून आवाज चढवत होतो.'" तो थांबला. त्यानं सरांच्या गळ्यावरच्या रुमालाकडे बघितलं. या गळ्यावर आपल्यापायी इतका ताण पडला होता, आणि आपण समजत होतो की चोरून ऐकतो आहोत. "'पण आत बोलावलं नाही. मागचे बाक रिकामे होते, ते तूच पुसत होतास. शिपायाला वर्गात बसवलं तर प्राचार्य काय म्हणतील, बाकीचे मास्तर काय म्हणतील, आणि शिपायांतही तुझ्या जातीच्याला बसवलं म्हणून आमच्या घरचे काय म्हणतील. वीस वर्षं मी बांधलेली माणसं शिकवली, आणि चार पावलांवर दार होतं ते उघडलं नाही.'"

मारोतीला राग आला. खरा, पोटातून. आणि त्याच वेळी या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्याला ते बाक दिसत होते, तिसऱ्या रांगेतला भिंतीकडचा, ज्याची फळी थोडी हलायची. तिथं बसून एक तास, फक्त एक, सुरुवातीच्या वाक्यापासून हजेरीपर्यंत, त्याला हवा होता. आजही हवा होता. तो वर्ग, ते साल, तो सरांचा आवाज, यातलं काहीच आता मिळणार नव्हतं.

खाली एक ओळ उरली होती. "'तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता म्हणतो,'" त्यानं वाचलं. "'मारोती, आत ये. बस.'"

ते शब्द त्या घरात मोठ्यानं, स्पष्ट उमटले. कोकिळाबाईंनी पदर तोंडाला लावला. सर खिडकीतून वळून त्याच्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ तेच शब्द म्हणत होते. मारोतीला ते वीस वर्षं ऐकायचे होते. आज ऐकले, पण आवाज त्याचा स्वतःचा होता.